तिशीत पिंपल्स? टीनएजमध्ये आले नाहीत ते आता का येतायत?

रानफूल:
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं करत करत शेवटी आज लिहितेय. माझं वय ३१. शाळा-कॉलेजात मैत्रिणी पिंपल्सनी हैराण असायच्या तेव्हा माझ्या चेहऱ्यावर एक पुटकुळी नसायची आणि आता गेलं सव्वा-दीड वर्ष हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि थोडं मानेवर असे मोठे, आतल्या आत ठणकणारे फोड येतायत. त्यांना तोंडही येत नाही, नुसती गाठ असते, उशीला गाल टेकला तरी दुखतं. दहा-बारा दिवसांनी बसतात पण मागे काळा डाग ठेवून जातात, आणि तो फिका होईपर्यंत शेजारी दुसरा तयार. पाळीच्या आधीचा आठवडा तर ठरलेलाच.

काय काय केलं ते सांगते. दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉश, एक दिवसाआड स्क्रब, फोडावर टूथपेस्ट लावून झोपणे. मग सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं सिरम, मग नायसिनमाइड, मग अजून एक, प्रत्येक साधारण दोन आठवडे वापरलं आणि फरक नाही म्हणून सोडलं. मध्ये ओळखीच्या एका ताईंनी एक ट्यूब दिली. ती लावल्यावर चार दिवसांत चेहरा इतका छान झाला की वाटलं सुटले एकदाची, पण थांबवल्यावर दुप्पट आले, शिवाय गाल लाल आणि ऊन लागलं की चुरचुरतात. म्हणून परत लावते, असं दोन महिने चाललंय.

लोक तोंडावर विचारतात, चेहरा नीट धुत नाहीस का, बाहेरचं फार खातेस का. व्हिडिओ कॉलला मी आता कॅमेरा सुरूच करत नाही. मला खरंच समजून घ्यायचंय की या वयात हे का होतं, हॉर्मोनल म्हणतात ते नक्की काय असतं, त्याच्या टेस्ट कराव्या का, आणि डॉक्टरकडे गेलं की लगेच ती स्ट्राँग गोळी देतात का, कारण एक-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे आणि त्या गोळीबद्दल मी नको नको ते ऐकलंय.

निळीशाई:
अगं रानफूल, वाचताना मला माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं. मी ३७ ची, माझे २९ व्या वर्षी सुरू झाले. एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाक, की तू अस्वच्छ आहेस म्हणून हे होतंय. हे घाणीने होत नाही. ब्लॅकहेडचा काळा रंग पण मळाचा नसतो, छिद्रात साठलेलं तेल आणि पेशी हवेशी संपर्क येऊन काळे पडतात, ते घासून निघत नाही. चार-पाच वेळा धुऊन आणि स्क्रब करून तू त्वचेचं वरचं संरक्षणच घालवतेयस, मग ती चिडते आणि सूज वाढते. मी हे वर्षभर केलं. सकाळ-संध्याकाळ दोनदा, फेस न होणाऱ्या नाहीतर कमी फेसाच्या सौम्य क्लेन्झरने, आणि घाम आला तर वरून एकदा, बास. टूथपेस्ट आजपासून बंद, त्याने फोड सुकल्यासारखा वाटतो पण कातडी भाजते आणि डाग जास्त गडद पडतो.

आणि दुसरं, दोन आठवडे म्हणजे काहीच नाही गं. आज दिसणारा फोड आज तयार झालेला नसतो, छिद्राच्या आत बूच बसायला कित्येक आठवडे आधीच सुरुवात झालेली असते, डोळ्यांना न दिसणारी. आज लावलेलं औषध पुढे येऊ घातलेल्या फोडांना अडवतं, जे आधीच वाटेवर आहेत ते येणारच. त्यामुळे कुठलंही औषध निदान ८ ते १२ आठवडे नेमाने लावल्याशिवाय चालतं की नाही ते कळतच नाही. मला हे कुणी सांगितलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती, मी पण असंच दोन-दोन आठवड्यांनी बदलत होते आणि प्रत्येक वेळी वाटायचं माझ्यावर काहीच चालत नाही.

गोळीपाणी:
मी औषधांच्या दुकानात १४ वर्षं आहे. ताई, बाकी सगळं नंतर, ती ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरात घटक काय लिहिलेत ते बघा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही स्टिरॉइड आहे का? चार दिवसांत चेहरा चकाचक आणि थांबवल्यावर दुप्पट, हे जे तुम्ही लिहिलंय ते ऐकूनच मला शंका येतेय. गोरेपणाच्या, डागांच्या म्हणून खपणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. ते सूज दाबतं म्हणून लगेच छान वाटतं, पण चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि त्या स्टिरॉइडचे म्हणून वेगळे पिंपल्स येतात. स्टिरॉइड वाईट औषध नाही, योग्य आजारात फार मोलाचं आहे, पण पिंपल्सवर स्वतःच्या मनाने कधीच नाही.

रानफूल:
आत्ता बघितलं. मोमेटासोन आहे, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. मला हात कापायला लागलेत. आता काय करू, एकदम थांबवू का??

शांतउपचार:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. फोटो किंवा चेहरा न बघता निदान करणार नाही, पण जेवढं बोलता येईल तेवढं लिहिते.

आधी ट्यूबबद्दल. घाबरू नका, दोन महिन्यांत झालेलं नुकसान बहुतेक वेळा भरून येतं. पण एकदम सोडल्यावर काही आठवडे लाली, आग, नवे फोड असा उसळा येतो आणि त्या उसळ्याला घाबरूनच लोक परत ट्यूबकडे वळतात, तुमचंही तेच झालं. म्हणून या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि ट्यूब सोबत घेऊन जा, थेट थांबवायची की हळूहळू कमी करत जायची हे बघून ठरवावं लागतं. तोपर्यंत चेहऱ्याला फक्त सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. अ‍ॅसिड, सिरम, स्क्रब काही नको. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेली ट्यूब बाळाच्या विचारातही बसत नाही.

आता का होतं ते. चार गोष्टी एकत्र येतात. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी पेशी नीट गळून न पडता चिकटून बूच बसवतात, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस नावाचे जिवाणू (जे सगळ्यांच्याच त्वचेवर राहतात, तुमच्याही, माझ्याही) त्या बंद जागेत वाढतात, आणि शरीर त्यावर सूज आणून उत्तर देतं. यातल्या पहिल्या गोष्टीची चावी अँड्रोजेन हॉर्मोन्सकडे असते. ती पुरुषांची हॉर्मोन्स म्हणून ओळखली जातात पण बायकांच्या शरीरातही असतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन उतरतं, अँड्रोजेनचा जोर तुलनेने वाढतो आणि हनुवटी-जबड्याकडे फोड येतात. पंचविशीनंतर येणाऱ्याला आम्ही अ‍ॅडल्ट अ‍ॅक्नी म्हणतो आणि तो बायकांमध्ये बराच जास्त दिसतो. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही, ती म्हणजे अशा बहुतेक बायकांचे रक्तातले हॉर्मोन रिपोर्ट नॉर्मल येतात. हॉर्मोन जास्त नसतं, त्यांच्या तेलग्रंथी त्याला जास्त प्रतिसाद देतात. त्यामुळे हॉर्मोनल आहे म्हणून सरसकट सगळ्यांनी टेस्टचा गठ्ठा करायची गरज नसते.

पण काही प्रश्नांची उत्तरं तुम्ही मला द्या. पाळी नियमित आहे का, किती दिवसांनी येते? हनुवटीवर, ओठावर, पोटावर जाड केस येतायत का? डोक्यावरचे केस भांगाच्या जागी विरळ झालेत का? वजन अचानक वाढलंय का? गर्भनिरोधक गोळ्या घेत होतात आणि बंद केल्या असं काही? गर्भाशयात हॉर्मोनवाली टी (साधी कॉपर-टी नव्हे) बसवलीय का? दुसऱ्या कुठल्या आजारासाठी गोळ्या, इंजेक्शन्स? लिथियम, फिटच्या काही गोळ्या, टीबीच्या औषधातलं आयसोनियाझिड, तोंडाने घेतलेलं स्टिरॉइड, अगदी बी१२ चे मोठे डोस, यांनीही पिंपल्ससारखं पुरळ येतं आणि ते कुणी विचारल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

पहाटधाव:
पुरुषांनाही होतं हो, म्हणून मध्येच लिहितो. माझं ३३ व्या वर्षी पाठ आणि खांदे भरून आले, मी जिम सुरू केली होती आणि रोज दोन स्कूप व्हे प्रोटीन. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं, दोन-अडीच महिन्यांत निम्म्याहून कमी झालं. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण मला झालं. कपाळाचं मात्र जाईना. सगळे दाणे एकाच मापाचे, बारीक, आणि खाज यायची, त्यावर मी पिंपल्स समजून दोन महिने अँटिबायोटिक जेल लावत होतो आणि ते वाढतच गेलं. शेवटी निघालं ते बुरशीचं, मालासेझिया नावाची यीस्ट केसाच्या मुळाशी वाढते म्हणे, अँटिबायोटिकने तिला उलट रान मोकळं मिळतं. किटोकोनॅझोल दिल्यावर तीन आठवड्यांत साफ. म्हणजे खाजणारं, एकसारखं, अचानक आलेलं पुरळ असेल तर ते पिंपल आहे असं धरून चालू नका एवढंच सांगायचंय.

रानफूल:
डॉक्टर, तुमचे प्रश्न वाचून जरा वेळ गप्प बसले. गर्भनिरोधक गोळ्या मी चार-पाच वर्षं घेत होते आणि साधारण पावणेदोन वर्षांपूर्वी बंद केल्या. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतील असं कधी मनातच आलं नाही. त्यानंतर पाळी ४०-४५ दिवसांनी येते, कधी ५० पण. आणि हनुवटीखाली पाच-सहा जाड केस येतात, मी चिमट्याने काढते, हे मी नवऱ्याला पण सांगितलेलं नाही. हे त्यातलंच आहे का?

शांतउपचार:
सांगितलंत ते बरं केलंत, यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्याकडे रोज कुणीतरी हेच दबक्या आवाजात सांगतं.

हो, चित्र जुळतंय. एकत्रित गोळ्या, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या, अँड्रोजेनचा परिणाम दाबून ठेवतात. तुमच्या त्वचेला कदाचित त्यांचाच आधार होता. बंद केल्यावर काही महिन्यांत पिंपल्स डोकं वर काढतात, हे आम्ही नेहमी बघतो. पण पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाणं आणि जाड केस हे सोबत असेल तर फक्त त्वचेवर थांबून चालणार नाही, पीसीओएस (अंडाशय आणि हॉर्मोन्सच्या बिघाडाचा आजार) आहे का ते बघायला हवं. अनियमित पाळी, अँड्रोजेन जास्त असल्याच्या खुणा किंवा तसा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं विशिष्ट चित्र, या तिन्हीपैकी दोन असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल तर तसं निदान होतं. तुम्हाला टेस्ट करायला मी नक्की सांगेन. टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन ही हॉर्मोन्स, थायरॉइड, आणि साखर. रक्त शक्यतो पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान द्यायचं. गोळ्या चालू असताना केलेले रिपोर्ट फसवे येतात, तुम्ही बंद केल्यात तेव्हा तो प्रश्न नाही. बाळाचा विचार आहे म्हणून तर हे आत्ताच कळलेलं बरं, कारण पाळी लांबते तेव्हा बीज दर महिन्याला सुटतंच असं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सोबत घ्या.

उपचारांचं म्हणाल तर पर्याय बरेच आहेत पण बाळाच्या विचाराने काही गळतात. अ‍ॅडापालीन हे रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या गटातलं लावायचं औषध) छिद्रातलं बूच बसूच देत नाही म्हणून ते बहुतेकांच्या उपचाराचा पाया असतं, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला, फक्त फोडावर नाही. सुरुवातीला दोन रात्रींआड, कारण पहिले तीन-चार आठवडे साल निघते. पण गर्भधारणेच्या प्रयत्नांच्या आधी ते बंद करायचं. स्पिरोनोलॅक्टोन ही मूळची रक्तदाबाची गोळी अँड्रोजेनला अडवते आणि जबड्याच्या पिंपल्सवर फार छान चालते, परिणामाला तीन महिने तरी लागतात, मात्र गर्भावस्थेत अजिबात नाही आणि पुरुषांना आम्ही देत नाही. डॉक्सिसायक्लीन ठणकणाऱ्या फोडांसाठी तीन-चार महिन्यांच्या पुढे नाही, तीही गर्भावस्थेत नाही. घेणाऱ्यांनी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. आणि क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटं कधीच लावू नये, जिवाणू त्याला सरावतात, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवंच.

तुमच्यासाठी उरतं ते काही कमी नाही. अझेलिक अ‍ॅसिड १५ ते २० टक्के, पिंपल आणि काळे डाग दोन्हीवर काम करतं आणि गर्भावस्थेतही चालतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के पुरतं, १० टक्के घेतल्याने फायदा फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. दोन्ही एकदम सुरू करू नका, आधी चेहरा शांत होऊ दे, मग एक, तीन-चार आठवड्यांनी दुसरं.

आणि ती स्ट्राँग गोळी, आयसोट्रेटिनॉइन. १९८२ पासून वापरात आहे आणि गंभीर, खड्डे पाडणाऱ्या अ‍ॅक्नीवर तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण पोटातल्या बाळात गंभीर व्यंग निर्माण करते, म्हणून सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून संपल्यावर महिनाभरापर्यंत गर्भधारणा कडेकोट टाळावी लागते, लिव्हर आणि चरबीच्या तपासण्या होतात, त्या काळात रक्तदानही करायचं नाही. कुठलाही नीट डॉक्टर तुम्हाला न विचारता ती हातात ठेवणार नाही. तुम्ही पहिल्याच वाक्यात बाळाचं सांगा म्हणजे झालं.

निळीशाई:
डागांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. काळे डाग आणि खड्डे वेगळे गं. सपाट काळा डाग हा सुजेनंतरचा रंग असतो, तो जातो, पण महिने लागतात आणि ऊन लागलं की परत गडद होतो, म्हणून सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, रोज, ढग असले तरी. खड्डा मात्र क्रीमने भरत नाही, त्याला मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचण्याचा उपचार) वगैरे लागतं आणि तेही पिंपल्स पूर्ण थांबल्यावर. म्हणूनच ते आतले फोड फोडू नकोस, मी आरशासमोर उभं राहून दाबत बसायचे, माझ्या उजव्या जबड्यावर जे तीन खड्डे आहेत ते पिंपलने नाही, माझ्या नखांनी केलेत. एखादा फारच ठणकत असेल, लग्नकार्य तोंडावर असेल तर डॉक्टर त्यात अगदी बारीक इंजेक्शन देतात, दोन दिवसांत बसतो.

आणि कॅमेऱ्याचं वाचून वाईट वाटलं. मी कित्येक वर्षं हनुवटीवर हात ठेवून बोलायचे. हे वरवरचं दुखणं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, चेहऱ्यावरून माणूस खचतो, तेही डॉक्टरांना सांग.

रानफूल:
साडेचार महिन्यांनी अपडेट द्यायला आलेय. ट्यूब थांबवल्यावरचे पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, खोटं कशाला सांगू, दोनदा रडले आणि एकदा ट्यूब कचऱ्यातून परत काढली होती, पण लावली नाही. मग हळूहळू लाली उतरली. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या थोडं वर, बाकी ठीक, सोनोग्राफीवरून आणि पाळीवरून पीसीओएस सांगितलंय. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या बाळासाठी घाबरण्यासारखं काही नाही, बीज सुटायला मदत लागली तर ती देता येते. नवऱ्याला सगळं सांगितलं, केसांचं पण. तो म्हणाला हे एकटी कशाला घेऊन बसलीस.

सकाळी अझेलिक अ‍ॅसिड आणि सनस्क्रीन, रात्री बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के, मध्ये साधं मॉइश्चरायझर. दहाव्या आठवड्यापर्यंत मला काहीच फरक वाटत नव्हता, तेव्हा निळीशाई तुझं ते ८ ते १२ आठवडे आठवून चालू ठेवलं. आता महिन्यात एखादा-दुसरा येतो, आधी एका वेळी सात-आठ असायचे. डाग आहेत अजून, पण फिके.

एक विचारायचं राहिलं. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर आणि टॉवेलवर पांढरट-पिवळे पट्टे पडलेत, धुऊन जात नाहीत, हे कशाने?

गोळीपाणी:
बेन्झॉइल पेरॉक्साइडने ताई. ते कापडाचा रंग उडवतं, ब्लीचसारखं, परत येत नाही तो. रात्री पूर्ण सुकू द्या मगच आडव्या व्हा, आणि उशीला अभ्रा व चेहऱ्याला टॉवेल पांढरेच वापरा. केसांच्या कडेला आणि भुवयांना लागू देऊ नका.